‘विमेन ऑफ कलर’ला मराठीत काय म्हणायचं?

पागोळी: शर्ली चिझम यांच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. ब्रुकलिनमध्ये लहान मुलांना शिकवणारी ही बाई १९६८ साली अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेली. तिथली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. कार्यालयात नेमल्या त्या सगळ्या बायकाच, त्यातल्या निम्म्या कृष्णवर्णीय. अडलंय ते ‘विमेन ऑफ कलर’पाशी. म्हणजे फक्त कृष्णवर्णीय नव्हे, गोऱ्या नसलेल्या सगळ्याच समाजांच्या बायका. मी ‘वर्णीय स्त्रिया’ लिहिलं, संपादकांनी ‘कृष्णवर्णीय’ केलं. अर्थच बदलला! चिझम यांच्या मतदारसंघात पोर्तो रिकोच्या बायकाही होत्या, त्यांच्याशी त्या स्पॅनिशमधून बोलत. त्यांना कुठे बसवू?

उंबरठा: ‘गौरेतर’ घ्या. ‘ब्राह्मणेतर’ शंभर वर्षं रुळलाय, त्याच घडणीचा शब्द.

काजळमाया७: ‘इतर’ नको. म्हणजे गोऱ्या मुख्य आणि बाकीच्या उरलेल्या. १९७७च्या ह्यूस्टनच्या महिला परिषदेत निरनिराळ्या समाजांच्या बायकांनी एकजुटीसाठी ‘विमेन ऑफ कलर’ हे नाव धरलं, असं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या लोरेटा रॉस सांगतात. स्वतःहून घेतलेलं नाव नकारातून कसं सांगणार?

उंबरठा: ब्राह्मणेतरांनीही ते नाव स्वतःच घेतलं होतं. त्या नावाने पक्ष काढला, निवडणुका लढवल्या.

धातुपाठ: ‘वर्णीय’ला काय झालं? वर्ण हा ‘वृ’ धातूपासून. वृ म्हणजे झाकणे. आवरण, म्हणून रंग. हाच मूळ अर्थ.

तांबडमाती: काका, मूळ अर्थाने माझं भागलं नाही. मावशीने टाइप करून आणलेल्या बायोडेटात ‘वर्ण: निमगोरा’. मागे जोडलेल्या पत्रिकेत, रास तूळ म्हणून, ‘वर्ण: शूद्र’. दोन्ही कागदांना एकच टाचणी. पाहुण्यांना दाखवताना आजीने दुसरी ओळ अंगठ्याखाली धरली होती. आणि ‘सवर्ण’ म्हणजे ‘रंग असलेला’ असं कोणी ऐकतं का?

धातुपाठ: मग ‘सावळ्या स्त्रिया’ म्हणा. विठोबा सावळाच आहे. इतका मायेचा शब्द दुसरा नाही.

काजळमाया७: विठोबाला मायेचा. मुलीला ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’. तो ‘पण’ काढा आधी.

तांबडमाती: दलित पँथरने १९७२ साली मुंबईत ‘पँथर’ तसाच ठेवला, ‘चित्ता’ केला नाही. तुम्हीही ‘विमेन ऑफ कलर’च ठेवा ताई.

धातुपाठ: प्रत्येक वेळी असंच केलं तर मराठीत नवा शब्द घडणार कधी?

पागोळी: तूर्त तसाच ठेवते, खाली दोन ओळी खुलासा देते. पण मथळाही अडलाय. चिझम यांचं घोषवाक्य होतं ‘अनबॉट अँड अनबॉस्ड’. ‘ना विकली, ना वाकली’ कसं वाटतं?

उंबरठा: यमक छान. पण बॉस म्हणजे तिथले पक्षाचे पुढारी, उमेदवारी देणारे. ‘कुणाची मिंधी नाही, कुणाची ताबेदार नाही’ म्हणा.

तांबडमाती: मिंधं होतात ते उपकाराने. पैशाने विकत घेतलेला माणूस मिंधा नसतो, विकाऊ असतो.

उंबरठा: आमच्याकडे साताऱ्यात दोन्हीला मिंधाच म्हणतात.