लीजवर गाडी घ्या म्हणणाऱ्यांना एक उत्तर

दुधनाकाठ (सेलू)

परवा आपल्या या ऑनलाइन गटात एका सदस्याने लिहिलं, "अपंगांनी गाडी विकत घेणं हा निव्वळ भावनेचा कारभार आहे. ब्रिटनमध्ये मोटेबिलिटी योजनेत लाखो अपंग लीजवर गाडी वापरतात. तीन वर्षं चालवा, परत करा, नवी घ्या. आपली माणसं मात्र आरसीवर नाव पाहिजे म्हणून कर्जात बुडतात." खाली लाईकचा पाऊस पडला. त्यातल्या किती जणांनी हँड कंट्रोलवर, म्हणजे पायांऐवजी हाताच्या लिव्हरने वेग आणि ब्रेक सांभाळत, गाडी चालवली आहे ते त्यांनीच सांगावं. मी अकरा वर्षं चालवतो. दोन्ही पायांना पोलिओ, उजव्याला कॅलिपर, म्हणजे पाय ताठ धरणारा पट्ट्यांचा आधार. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोटेबिलिटी १९७७ साली सुरू झाली. तिथलं सरकार अपंग माणसाला फिरण्यासाठी भत्ता देतं, तोच भत्ता गाडीच्या भाड्याला वळता होतो. विमा, सर्व्हिसिंग, टायर, रस्त्यात बंद पडली तर मदत, सगळं त्यात आलं. गाडीतले बरेचसे बदलसुद्धा जादा पैसे न घेता करून देतात. तिथल्या लीजमागे सरकार उभं आहे. आपल्याकडे कोण उभं आहे?

मागच्या वर्षी मी खरंच एका लीज कंपनीला फोन केला होता. परभणी जिल्ह्यात सेवा नाही, पुण्याचा पत्ता असेल तर बघू म्हणाले. मावसभावाचा पत्ता दिला. महिना साडेअठरा हजार, छत्तीस महिने, महिन्याला हजार किलोमीटर. तेही कबूल केलं. मग विचारलं, हँड कंट्रोल बसवू द्याल का? पलीकडचा पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "सर, काहीच फिटिंग करता येणार नाही, गाडी कंपनीच्या नावावर असते." विषय संपला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीतला बदल मालकाने करायचा आणि आरटीओत नोंदवायचा. मी मालकच नाही तर अर्ज कुणी करायचा? ती नोंद नसेल तर टोलमाफीचा फास्टॅग मागायला कोणत्या तोंडाने जायचं?

लायसन्सचं तर विचारूच नका. परीक्षा बदल केलेल्या गाडीवर द्यावी लागते. हँड कंट्रोलची गाडी असलेलं ड्रायव्हिंग स्कूल मला आमच्या भागात आजवर दिसलेलं नाही. म्हणजे आधी गाडी, मग शिकणं, मग लायसन्स. आणि लीजवाल्याचा पहिला प्रश्न असतो, लायसन्स आहे का?

राहिली गाडी परत करायची गोष्ट. माझ्या गाडीचा ड्रायव्हरच्या बाजूचा उंबरा एकदा येऊन बघा. सीटवर टेकल्यावर कॅलिपरचं गुडघ्याचं कुलूप सोडायचं, पाय हाताने उचलायचा आणि आत घ्यायचा. तेव्हा बुटाखालची पट्टी दर वेळी त्याच जागी घासते. रंग कधीच गेला, बोटभर रुंद पत्रा चकाकतो. लिव्हरच्या मुठीला सुती फडकं गुंडाळलंय, मे महिन्यात त्याच्याशिवाय हात लावून दाखवा. गाडी परत घेताना कंपनीचा माणूस ओरखडे मोजतो आणि पैसे लावतो. माझ्या शरीराचे ओरखडे आहेत ते. त्याचे पैसे मी कुणाला देणार नाही.

मांजराकाठ (लातूर)

तो सदस्य मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

दुधनाकाठ भाऊ, तुम्ही एका कंपनीच्या एका पोराच्या उत्तरावर सगळी लीज निकालात काढली. माझं औषधाचं दुकान आहे. लीजचं भाडं मला धंद्याच्या खर्चात दाखवता येतं. हातात एकरकमी दीड-दोन लाख नसलेल्या माणसाला बँक दारात उभं करत नाही. मला एका बँकेत विचारलं होतं, "तुम्हाला काही झालं तर हप्ते कोण भरणार?" माझ्या शेजारी बसलेल्या धडधाकट माणसाला हे विचारलं नाही. लीजवाल्याने निदान असलं काही विचारलं नाही.

सीताफळ (बीड)

मी शिक्षक आहे, हिशोब मांडतो. साडेसात लाखांची ऑटोमॅटिक छोटी गाडी. दीड लाख रोख, सहा लाख कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं. हप्ता साधारण १२,६००. पाच वर्षांचे ७ लाख ५६ हजार, वर रोख दीड लाख. विमा आणि सर्व्हिसिंगचे पाच वर्षांचे १ लाख ४० हजार धरा. सगळे मिळून १० लाख ४६ हजार. लीजचे साडेअठरा हजारांप्रमाणे पाच वर्षांचे ११ लाख १० हजार. म्हणजे लीजमध्ये चौसष्ट हजार जास्त देऊन पाच वर्षांनी दार मोकळं, आणि इकडे दारात गाडी उभी. शिवाय माझं शाळेचं रोजचं येणं-जाणं साठ किलोमीटर. महिन्याचे दीड हजार होतात. हजारच्या पुढे प्रत्येक किलोमीटरचे वेगळे पैसे.

पण माझा राग वेगळाच आहे. पूर्वी छोट्या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर सेस होता, आपल्याला दिल्लीच्या अवजड उद्योग मंत्रालयाच्या दाखल्यावर १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल, चार मीटरच्या आतली गाडी सगळ्यांनाच १८ टक्के झाली. चांगलं झालं, कुणाचं वाईट चिंतत नाही. पण मग आपली सवलत कुठे गेली? आपल्याला ऑटोमॅटिकच लागते, ती महाग. वर हँड कंट्रोलच्या किटचा खर्च. जो खर्च धडधाकट माणसाला नाहीच, त्याच्यापोटी ती सवलत होती. आता ५ टक्के मागायला पाहिजे, आणि इथे आपण लीजवर भांडत बसलो.

गोदातीर (नांदेड)

विम्याचं एक सांगून ठेवतो. जुन्या मोटर टॅरिफमधल्या, म्हणजे गाडी विम्याच्या दरपत्रकातल्या, आयएमटी १२ या कलमाखाली अपंगांसाठी बदल केलेल्या गाडीला ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्के सूट आहे. एजंट स्वतःहून सांगत नाही. मागून घ्या.

मोसंबी (जालना)

तुम्ही सगळे गाडी नावावर असली पाहिजे म्हणायलेत. माझ्या नावावर आहे. २०१९ ची आहे, डिझेल, क्लचवाली. मला डाव्या बाजूला ताकद नाही, मी क्लच कामून दाबीन? ती माझ्यासाठी घेतलीच नव्हती. भावाने सवलतीचा दाखला काढायला नेलं, फोटो काढायला नेलं, सह्या घेतल्या. नंतर मी त्या गाडीत दोनदा बसले, एकदा चुलत बहिणीच्या लग्नाला आणि एकदा दवाखान्यात.

२०२४ मध्ये लाडकी बहीणचा फॉर्म भरायला गेले. नावावर चारचाकी आहे म्हणून नाही म्हणाले. दीड हजार रुपये महिना. जी गाडी माझी नाही तिच्यापायी गेले.

गोदातीर (नांदेड)

ताई, वाईट वाटलं. पण भावाची बाजू ऐकल्याशिवाय बोलू नये. हप्ते तोच भरत असेल, दवाखान्यात तोच नेतो. घरात एक गाडी आली, पन्नास-साठ हजार वाचले, ते घराचेच वाचले ना? खेडोपाडी असंच चालतं. आमच्या मामानेही माझ्या मावशीच्या नावावर घेतली आहे.

दुधनाकाठ (सेलू)

असंच चालतं म्हणूनच बोललं पाहिजे. तुमच्या मामाने जे केलं त्याला चोरी म्हणतात. आरटीओच्या दारात मी कॅलिपर घालून उभा राहिलो की साहेब मला वरपासून खालपर्यंत बघतो आणि विचारतो, "चालवणार कोण? तुम्हीच ना?" हा संशय तुमच्या मामासारख्यांनी पेरला. उगवतो आमच्या अंगणात.

गोदातीर (नांदेड)

तोंड सांभाळून. माझ्या मामाला तुम्ही ओळखत नाही. मावशीला तीस वर्षं त्यांनीच सांभाळलं, गावातल्या एकानेही नाही. तुमच्यासारखी शिकलेली माणसं नोकरीच्या पैशावर गाड्या फिरवतात आणि दुसऱ्यांना चोर म्हणतात.

कापूसवेचणी (परभणी)

मी सहसा लिहीत नाही. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, सोळा वर्षांचा आहे. तो गाडी कधीच चालवणार नाही. गाडी त्याच्या नावावर घेतली, चालवते मी. आठवड्यातून तीनदा थेरपीला नेते. एसटीत त्याला ७५ टक्के सवलत आहे, सोबत मला ५० टक्के आहे. पण त्याला उचलून त्या पायऱ्या चढून दाखवा, मग सवलतीचं बोला. दुधनाकाठ दादा, मीही चोर का?

दुधनाकाठ (सेलू)

नाही ताई. तुम्हाला लागेल असं लिहिलं गेलं, ते मागे घेतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत 'अडॅप्टेड व्हेईकल'ची, म्हणजे अपंगांसाठी बदल केलेल्या गाडीची, व्याख्या आली, त्यातही वापर फक्त त्या व्यक्तीकडून किंवा त्या व्यक्तीसाठी असं म्हटलं आहे. 'त्या व्यक्तीसाठी' हे तुमच्यासारख्यांकरताच आहे. पण मोसंबीताईंच्या भावाला ते लागू नाही. तिथे मी शब्द बदलणार नाही.

मोसंबी (जालना)

गोदातीर दादा, भाऊ मला सांभाळतो हे खरं आहे. जेवायला देतो, औषध आणतो. म्हणून मी पाच वर्षं काही बोलले नाही. पण "सांभाळतो" म्हटलं की बाकी काहीच विचारायचं नाही का? मी शिवणकाम करते, तिरप्या धाग्याने ब्लाउज कापते, उजव्या हाताने कैची चालते माझी. मला कधी कुणी विचारलं नाही की तुला गाडी शिकायची का. एकदाही नाही.

मांजराकाठ (लातूर)

इथे विषय कुठल्या कुठे गेला, पण मोसंबीताईंचं वाचून मला जे लिहायचं नव्हतं ते लिहितो.

मी लीजचं एवढं का म्हणतो त्याचं खरं कारण धंद्याचा खर्च नाही. मला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, स्नायूंची ताकद हळूहळू जात राहते. २०१८ मध्ये सवलतीत गाडी घेतली, माझ्या नावावर, हँड कंट्रोलसकट. चार वर्षं चालवली. लिव्हर ओढला की वेग, ढकलला की ब्रेक. २०२२ च्या पावसाळ्यात रेणापूर नाक्यापाशी एक गाय आडवी आली आणि माझ्या हातून लिव्हर पुरता ढकललाच गेला नाही. गाय निघून गेली म्हणून वाचलो. त्या दिवसानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी वर्षभर अंगणात उभी. पाच वर्षं विकायची नाही ही सवलतीची अट, आणि हप्ते चालूच. रोज सकाळी खिडकीतून ती ताडपत्रीखाली दिसायची.

तुमचा पोलिओ होता तिथेच थांबला, दुधनाकाठ भाऊ. माझा आजार थांबत नाही. मला पुढच्या तीन वर्षांचंच बघता येतं. म्हणून म्हटलं, तीन वर्षांची गाडी द्या. त्यात भावनेचा कारभार कसला.

दुधनाकाठ (सेलू)

हे तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर मी एवढा चिडलो नसतो. तुमच्यापुरतं लीज बरोबर आहे, मान्य. पण तुम्ही "अपंगांनी" असं सरसकट लिहिलं होतं, तुमच्यापुरतं लिहिलं नव्हतं. आणि तुम्हाला हवी ती लीज आज लातुरात मिळते का? हँड कंट्रोलसकट, तीन वर्षांनी परत घेणारी, ओरखडे न मोजणारी?

मांजराकाठ (लातूर)

नाही मिळत. मिळाली पाहिजे, एवढंच म्हणायचं होतं. सरसकट लिहायला नको होतं, तेही कबूल.

सीताफळ (बीड)

दोघंही थोडं आधी खाली आला असतात तर इतकं वाचावं लागलं नसतं. मोसंबीताई, तुमच्याकडे वळतो. २०१९ ची गाडी म्हणजे पाच वर्षांची अट कधीच संपली. आता ती विकायची तर फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही लागते. मालक तुम्ही आहात. तुमच्या सहीशिवाय ती दुसऱ्याच्या नावावर होत नाही. विकली तर आलेल्या पैशांत जुनी ऑटोमॅटिक बसते. तुमचा उजवा पाय आणि उजवा हात चालतो ना? मग तुम्हाला हँड कंट्रोलही लागणार नाही. पेडल दोन्ही उजव्याच पायाला, आणि स्टिअरिंगला फिरवायची मूठ बसवली की एका हाताने वळते.

मांजराकाठ (लातूर)

तशी मूठ माझ्या जुन्या गाडीतून काढून ठेवली आहे. दुकानात खोक्यात पडून आहे. ताई, लागली तर एसटी पार्सलने पाठवतो. पैसे नकोत.

मोसंबी (जालना)

हे सहीचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात भाऊ दोन कागद घेऊन आला होता. "इथं इथं सही कर" म्हणाला, कशाच्या ते सांगितलं नाही. मी हात दुखतोय म्हणाले. कागद माझ्या मशीनच्या खणात आहेत. आता काढून बघितले. एकावर २९ आहे, दुसऱ्यावर ३०.

मांजराकाठ दादा, मूठ पाठवा.