चित्रपुस्तक आणि कादंबरी, दोन्हींना एकच माप कसं लावायचं?

रातवाचक
मंडळी, बरेच दिवस नवीन पुस्तकांवर लिहितेय. हातात येईल ते वाचते, कधी कादंबरी, कधी विज्ञानावरचं, कधी अगदी छोट्यांसाठीचं चित्रपुस्तक. मोठ्यांच्या पुस्तकावर भराभर लिहून होतं पण मुलांचं पुस्तक आलं की दर वेळी 'चित्रं छान, भाषा सोपी, मुलांना नक्की आवडेल' इथेच गाडी अडते, आणि एवढ्यावरून कुठल्या आईबापाने पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवायचं? वर स्टार द्यायचे ते वेगळेच. चार स्टारची रहस्यकथा आणि चार स्टारचं चित्रपुस्तक यांत सारखं काय असतं? तुम्ही कसं करता?

कोरी वही
'मुलांना आवडेल' हे वाक्य आधी काढून टाक. तीन वर्षांच्या मुलांना की नऊ वर्षांच्या? वय लिही, आणि पुस्तकावर छापलेलं नको, तुला वाटतं ते लिही.

चित्रपुस्तक बरेचदा ३२ पानांचं असतं, कारण मोठा कागद छापून घड्या घातल्या की सोळा-सोळा पानांचे फर्मे (जुड्या) पडतात. त्यातली सुरुवातीची पानं नावागावात जातात, म्हणजे गोष्ट सांगायला पान उलटण्याच्या जागा मोजक्याच उरतात. म्हणून मी आधी तेच बघते, की उजव्या पानावर काय अर्धवट ठेवलंय आणि उलटल्यावर काय हाती लागतं. मग शब्द झाकून नुसती चित्रं बघते. समजा शब्द सांगतायत 'सगळे गाढ झोपले' आणि चित्रात पलंगाखाली दोन डोळे चमकतायत, तर गंमत शब्द आणि चित्र यांच्यातल्या त्या फटीत आहे, आणि ती मुलाला मोठ्यांच्या आधी दिसते. पण शब्दांत जे आहे तेच चित्रात पुन्हा काढलं असेल तर तसं स्पष्ट लिही ना, मग 'चित्रं छान' म्हणायची गरजच पडणार नाही.

आणि मोठ्याने वाच. जीभ कुठे अडखळते ते लगेच कळतं, कारण हे पुस्तक रोज रात्री कोणीतरी मोठ्याने वाचणार आहे. शक्य असेल तर एखाद्या मुलाला शेजारी बसव आणि त्याने कुठल्या पानावर बोट ठेवलं, कुठे 'मागे जा' म्हटलं ते टिपून ठेव. तो एका मुलाचा अनुभव म्हणूनच लिहायचा, निकाल म्हणून नाही.

जुनं पान
वरच्याशी सहमत, फक्त हे मोठ्यांच्या पुस्तकांनाही लागू आहे. प्रत्येक प्रकार वाचकाला काहीतरी कबूल करतो, ते पाळलं का एवढं बघायचं. रहस्यकथेत धागेदोरे आधी प्रामाणिकपणे पेरले होते का, की शेवटी कुठूनतरी नवाच माणूस आणून उभा केला? (आणि पहिल्या चौथाईच्या पुढचं कथानक सांगू नका रे बाबांनो.) माहितीपर पुस्तकात मी आधी मागची संदर्भसूची बघतो, मग आपल्याला चांगल्या माहीत असलेल्या विषयावरचं प्रकरण काढतो, तिथे चुका सापडल्या तर बाकीच्यावर कसा विश्वास ठेवायचा? मुलांच्या माहितीपर पुस्तकांना तर हे जास्तच लावतो, कारण मूल पडताळून बघत नाही.

अमेरिकन लेखक जॉन अपडाइकने १९७५ मध्ये परीक्षणाचे नियम छापले होते, त्यातला पहिलाच असा की लेखकाने जे करायला घेतलंच नव्हतं ते जमलं नाही म्हणून त्याला दोष देऊ नये. हलक्याफुलक्या प्रेमकथेत समाजचिंतन शोधणाऱ्यांनी तर तो पाठच करावा.

निळी शाई
दोन गोष्टी राहिल्या. चित्रकाराचं आणि अनुवादकाचं नाव परीक्षणात यायलाच हवं, लोक सर्रास विसरतात, आणि चित्रपुस्तकात तर निम्मं पुस्तक चित्रकाराचं असतं. दुसरं म्हणजे पुस्तक फुकट आलं असेल किंवा लेखक ओळखीचा असेल तर पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकावं. छपाईआधीची प्रत मिळाली असेल तर त्यातलं वाक्य उद्धृत करण्याआधी छापील पुस्तकाशी ताडून घ्या, शेवटच्या हातात बरंच बदलतं.

रातवाचक
खूप उपयोग झाला. एकच शंका, मुलांचं पुस्तक खरंच वाईट असेल तर? नवीन लेखक असला की हात आखडतो.

कोरी वही
लेखक नवा आहे, पण ते वाचणारं मूलही नवंच आहे. उपदेशच उपदेश असेल तर तसं लिही, आणि कुठल्या पानापासून गोष्ट सुटली ते दाखव, लेखकालाही त्याचाच उपयोग होईल. स्टार मी लहानांच्या पुस्तकांना देतच नाही, वय आणि 'पुन्हा वाचायला मागितलं की नाही' एवढंच लिहिते.