व्हायरल लोड सापडत नाही, तरी टीबीची गोळी कशाला?

शिरपूरकर:
एचआयव्हीची रोजची गोळी टीएलडी नियमित चालू, रिपोर्टमध्ये व्हायरल लोड (रक्तातल्या एचआयव्ही विषाणूंचं प्रमाण) सापडत नाही. तरी एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) केंद्रावर टीबी होऊ नये म्हणून सहा महिने आयसोनियाझिड घ्यायला सांगितलं की लोक अडून बसतात, "टीबी नाही तर औषध कशाचं?" शिवाय नंदुरबार-शहाद्याकडचे मजूर ऊसतोडीला गुजरातेत गेले की कोर्स तुटतो. त्यांना नेमकं काय सांगावं?

तापीकाठ:
व्हायरल लोडवरून एचआयव्ही कळतो, टीबी नाही. टीबीचे जंतू कितीतरी जणांच्या अंगात निपचित पडून असतात. एआरटीने सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पेशी) वाढतात, धोका बराच उतरतो, पण एचआयव्ही नसलेल्या माणसाइतका खाली येत नाही. आयव्हरी कोस्टमधल्या टेंप्रानो चाचणीत (२०१५) एआरटीवर असलेल्यांना, सीडी४ चांगले असतानाही, या सहा महिन्यांच्या गोळीचा वेगळा फायदा दिसला.

सुरू करण्याआधी चार गोष्टी विचारा: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. एक जरी 'हो' आलं तरी गोळी थांबवून आधी टीबीची तपासणी, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट. दोन आठवड्यांच्या खोकल्याची अट इथे नाही, कालपासूनचा खोकलाही धरायचा. लक्षात न आलेल्या चालू टीबीवर एकटं आयसोनियाझिड पडलं तर जंतू त्यालाच दाद देईनासे होतात. सीडी४ कमी असतील तर एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मानेतल्या गाठीही चाचपा.

प्रौढाला रोज ३०० मिलिग्रॅम, सोबत बी६ जीवनसत्त्व. बी६ ची गोळी 'ताकदीची' समजून लोक सोडून देतात, मग तळपायाला मुंग्या येतात. रोज पिणाऱ्याला, मग ती देशी असो की मोहाची, यकृत तपासल्याशिवाय सुरू करू नये. मळमळ, गडद लघवी, पिवळे डोळे दिसले की गोळी बंद करून त्याच दिवशी केंद्र गाठायचं.

भुसावळ जंक्शन:
ऊसतोडीवाल्यांना निघण्याआधीच जास्त दिवसांच्या गोळ्या मागायला सांगा, आणि तिकडचं जवळचं केंद्र विचारून ठेवा. १०९७ वर फुकट माहिती मिळते. १८० पैकी ८० टक्के गोळ्या साधारण आठ महिन्यांत झाल्या तरी कोर्स पूर्ण धरतात. खंड पडला असेल तर पुन्हा सुरू करताना तेच चार प्रश्न आधी.

सातपुड्याखाली:
टीबी निघालाच तर खरी चूक पुढे होते. टीबीच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनमुळे टीएलडीतलं डॉल्युटेग्राविर शरीरातून लवकर निघून जातं. म्हणून टीएलडीच्या १२ तासांनी डॉल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी लागते, रिफाम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे. खासगी दवाखान्यात एचआयव्ही लपवला की ही गोळी राहते आणि व्हायरल लोड पुन्हा वर येतो. पित्ताच्या गोळ्यांनीही (अँटासिड) डॉल्युटेग्राविर कमी पडतं, म्हणून टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर.

शिरपूरकर:
मग टीबी टाळायच्या, आठवड्यातून एकदाच्या, १२ डोसच्या कोर्सलाही जादा गोळी?

सातपुड्याखाली:
नाही भाऊ. त्यात रिफाम्पिसिन नाही, रिफापेंटिन असतं, त्यामुळे प्रौढांना टीएलडी आहे तशीच. केंद्रावर तो कोर्स मिळत असेल तर ऊसतोडीवाल्यांना तोच सोयीचा, निघण्याआधीच संपवता येतो.