फर्स्ट कॉपी घड्याळाची डायल तिरकी बसली आहे. दुरुस्ती करावी का?

प्रश्न: इंदिरानगरकर

नमस्कार. माझ्याकडे रोलेक्स सबमरीनरच्या धर्तीवर बनवलेली एक ऑटोमॅटिक, तारखेची खिडकी असलेली फर्स्ट कॉपी, म्हणजे हुबेहूब नक्कल, आहे. घड्याळ अस्सल नाही हे घेतानाच ठाऊक होते, त्यामुळे त्याबद्दल काही म्हणणे नाही. अडचण अशी की डायलवरचा 12 चा त्रिकोण, पट्टा अडकवायच्या वरच्या दोन लगांच्या मध्यावर न येता, उजवीकडे झुकलेला दिसतो आणि एकदा हे लक्षात आल्यापासून वेळ बघण्याऐवजी मी तो त्रिकोणच बघत बसतो. वेळ मात्र बरोबर दाखवते. विकणाऱ्याने निरोपांना उत्तर देणे बंद केले आहे. नाशिकच्या मेन रोडवरील एका घड्याळजींनी काम हातात घेण्यास नकार दिला, तर रविवार कारंजाजवळच्या दुसऱ्यांनी उघडून पाहण्याची तयारी दाखवली, पण जबाबदारी माझी असेल असे सांगितले. हे काम नेमके किती अवघड असते आणि त्यात काय बिघडू शकते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: जुना बाजार

घड्याळ उघडण्याआधी नक्की काय तिरके आहे हे ठरवावे, कारण बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या दोषाची कारणे चार असू शकतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

डायलच्या पाठीला दोन बारीक धातूचे पाय असतात. ते मशीनच्या पाटीतील छिद्रांत बसतात आणि त्यांच्यामुळेच डायल फिरत नाही. स्वस्त घड्याळांत हे पाय वाकलेले किंवा तुटलेले असतात आणि डायल नुसत्या दुहेरी चिकटपट्टीवर टिकलेली असते. हे पहिले कारण. दुसरे कारण म्हणजे डायल मशीनवर सरळ असते, परंतु मशीन व केस (घड्याळाचे बाहेरचे कवच) यांच्यामधले प्लास्टिकचे कडे सैल असल्याने अख्खे मशीनच किंचित फिरलेले असते. तिसऱ्या प्रकारात डायल आणि मशीन दोन्ही जागेवर असतात. काचेखालचे आतले कडे किंवा बाहेरची फिरती बेझल (काचेभोवतीचे कडे) चुकलेली असते आणि दोष डायलच्या माथी येतो. चौथे कारण छपाईचे आहे. खुणाच तिरक्या छापलेल्या किंवा चिकटवलेल्या असतील तर दुरुस्ती नाही, डायलच बदलावी लागते.

आपल्या घड्याळात तारखेची खिडकी आहे, हे सोयीचे आहे. तारखेची चकती मशीनचा भाग असते. डायल मशीनवर उजवीकडे फिरली असेल तर 3 जवळची खिडकी खाली सरकते आणि आकडा खिडकीत वरच्या अंगाला दिसतो. आकडा खिडकीच्या बरोबर मध्ये असेल, पण खिडकी काचेवरच्या भिंगाखाली नीट येत नसेल, तर मशीन केसमध्ये फिरले आहे किंवा भिंगच वाकडे चिकटवले आहे. भिंगामुळे थोडा दोषही मोठा भासतो, म्हणून आकडा तिरप्या नजरेने, भिंग टाळून पाहावा.

उत्तर: सातपूर टूलरूम

वरील मताशी सहमत आहे. मोजमापाबद्दल थोडी भर घालतो. डोळा या कामात फार फसवतो. घड्याळ सपाट जागी ठेवून मोबाइल बराच उंच धरावा, झूम करून बरोबर वरून फोटो घ्यावा आणि त्यावर 12 ते 6 अशी रेघ ओढून ती लगांच्या मध्याशी ताडून पाहावी. जवळून घेतलेल्या फोटोत कडा आपोआप तिरक्या दिसतात आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. काटे बरोबर 6 वाजता लावून तेच पाहिले की काट्यांच्या जोडणीतला दोषही कळतो.

28.5 मिमी व्यासाच्या डायलवर, म्हणजे 14.25 मिमी त्रिज्येवर, 1 अंशाचा फरक कडेला सुमारे 0.25 मिमी येतो. मिनिटाची एक खूण 6 अंशांची असते. पायांचे छिद्र केंद्रापासून 12 मिमीवर असेल आणि त्यात 0.1 मिमी सैलपणा असेल, तर डायल जवळपास अर्धा अंश हलते. म्हणून अर्ध्या अंशाच्या आतल्या चुकीसाठी कोणी घड्याळ उघडायला सांगू नये. हे माझे मत आहे, शोभेच्या बाबतीत माणसे माझ्याहून हट्टी असतात हे मान्य.

उत्तर: भद्रकालीचा घड्याळप्रेमी

कारागिराने नकार का दिला, हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल. डायल सरळ करण्यासाठी मागचे झाकण काढून चावीची दांडी सोडवावी लागते, मशीन बाहेर घ्यावे लागते आणि पाय वाकलेला वा तुटलेला असेल तर काटेही उतरवावे लागतात. दांडी सोडवण्याची खुंटी चावी चुकीच्या स्थितीत असताना दाबली, तर चावीच्या यंत्रणेतील भाग जागेवरून सरकू शकतात. मग एका तिरक्या डायलपायी सगळे मशीन खोलण्याची वेळ येते. सेकंदकाटा काढताना त्याची नळी सैल झाली, तर तो पुन्हा घट्ट बसत नाही. परत बसवताना तारीख बदलते तो क्षण शोधून तेथे तास व मिनिट काटे 12 वर लावायचे असतात, नाहीतर तारीख रात्री भलत्याच वेळी बदलते. आणि मशीन कोणते आहे हे आधी सांगता येत नाही, कारण रोटरवर (ऑटोमॅटिक घड्याळाला चावी देणाऱ्या फिरत्या वजनावर) कोरलेले नाव खरे असेलच असे नाही.

ईटीए 2824 या स्विस मशीनच्या घाटाच्या मशीनमध्ये डायलचे पाय धरणारी दोन छोटी खिटी मशीनच्या कडेला असतात. ती सैल करून डायल सरळ करता येते. सेको एनएच35 या जपानी मशीनमध्ये पाय छिद्रांत घट्ट बसूनच डायल धरली जाते, तिथे स्क्रू शोधत बसण्याचे कारण नाही. पाय तुटला असेल तर डाग देऊन (सोल्डर करून) नवा लावता येतो, पण त्या उष्णतेने समोरचा रंग करपण्याची भीती असते. म्हणून बहुतेक कारागीर पातळ दुहेरी चिकटपट्टीचे ठिपके लावतात. ते चालते, फक्त चिकटपट्टी तारखेच्या चकतीला लागता कामा नये.

उत्तर: कॉलेज रोड

दोन गोष्टी. अधिकृत सेवा केंद्रात हे घड्याळ घेतले जाणार नाही, तेव्हा तिकडे खेटे घालू नयेत. आणि कंटाळून ते पुढे विकण्याचा विचार करू नये. ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 104 नुसार खोटे व्यापारचिन्ह असलेला माल विकणे किंवा विक्रीसाठी बाळगणे यासाठी 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. स्वतःच्या मनगटावर घालणे ही वेगळी बाब आहे.

इंदिरानगरकर

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे फोटो घेतला. झुकाव साधारण दोन अंशांचा निघतो. तारखेचा आकडा खिडकीत वरच्या बाजूला टेकलेला आहे आणि आतले कडे लगांशी सरळ आहे. म्हणजे डायलच मशीनवर फिरली आहे असे दिसते.

उत्तर: जुना बाजार

होय, आणि दोन अंश म्हणजे नुसता सैलपणा नव्हे. पाय वाकला असावा किंवा तुटला असावा. रविवार कारंजावरील कारागिरांना हे निरीक्षण आधीच सांगावे आणि झाकण काढल्यावर मशीन कोणते आहे ते पाहूनच पुढे जाण्यास सांगावे. नुसता पाय वाकलेला निघाला तर काम करून घ्यावे. तुटलेला निघाला तर ठिपक्यांवर समाधान मानावे, आणि त्यांनी काटे काढण्यास नाखुशी दाखवली तर आग्रह न धरता झाकण तसेच लावून घ्यावे. झाकणाखालचे रबरी कडे त्याच वेळी बदलून घ्यावे. तरीही डायलवर पाण्यातील खोलीचा जो आकडा छापला आहे, त्यावर भरवसा ठेवून गंगेवर (गोदावरीवर) डुबकी मारायला हे घड्याळ घालून जाऊ नये.