जनरेटर रूम: काल रात्री परत ट्रिप

सी-२०३: सेक्रेटरी साहेब, काल लाइट गेली आणि अर्ध्या तासात जनरेटरही बसला. सासूबाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. मेंटेनन्स कशाचा भरतो आपण?

सेक्रेटरी: सर्व्हिसवाला सकाळीच येऊन गेला. पॅनलवर हाय वॉटर टेम्परेचर दाखवतंय. कूलंट भरलेलं आहे, बेल्टही नीट आहे. तो म्हणतो रेडिएटर बदला. कोटेशन बघून मलाच घाम फुटला.

ए-६०१: रूमला एक मोठा एक्झॉस्ट फॅन लावून टाका, हाकानाका.

डी-१०४: रेडिएटरला इतक्यात हात लावू नका. आत्ता खाली जाऊन बघून आलो. आपला सेट १२५ केव्हीएचा. फुल लोडला तासाला साधारण २७ लिटर डिझेल पितो. लिटरमागे १० युनिट धरा, म्हणजे २७० युनिट ऊर्जा. त्यातली वीज फार तर १००. उरलेल्या १७० ची नुसती उष्णता. त्यातली बरीचशी धुराबरोबर जाते, पण बाकीची रेडिएटरमधून आणि इंजिनाच्या अंगातून निघते, ती हवेनेच बाहेर काढावी लागते. आत यायलाच वाट नसेल तर एक्झॉस्ट फॅन ओढणार काय?

अल्टरनेटरमागची (वीज बनवणाऱ्या भागामागची) हवा आत यायची जाळी बघा एकदा. आतून कोणीतरी डासांची नेट ठोकलीये, तिच्यावर धुळीचा जाड थर. बाहेरून दोन सायकली आणि एक गादी टेकवलेली. ही वाट रेडिएटरच्या किमान सव्वा ते दीडपट हवी, तीही पट्ट्या वगळून मोकळी. आणि रेडिएटर ते भिंत हा कॅनव्हासचा डक्ट खालून वीतभर फाटलाय. गरम हवा तिथून खोलीतच परत येते आणि पंखा तीच पुन्हा रेडिएटरवर मारतो.

बी-३०२: पण काका, काल मी वॉचमनला दार उघडं ठेवायला सांगितलं होतं. तरी ट्रिप!

डी-१०४: दार कुठल्या भिंतीत आहे? गरम हवेच्या जाळीशेजारीच ना? तिथून निघालेली हवा दारातून परत आत येत असणार. दार बंदच ठेवा.

आणखी एक. सायलेन्सरच्या जोडाला काजळी दिसली, वरचा ग्लासवूलही निसटलाय. म्हणजे धूर आत गळतोय. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे दुरुस्त होईपर्यंत सेट चालू असताना वॉचमनला तिथे बसू देऊ नका.

ए-१०१: बापरे! आमची बेडरूम बरोबर त्याच्यावर आहे. हे आधी करा.

सेक्रेटरी: जोड आजच करून घेतो. नेट काढतो, डक्टचं माप द्यायला माणूस येतोय. सायकली संध्याकाळपर्यंत हलवा, नाहीतर मी हलवेन. रेडिएटरचं कोटेशन तूर्त बाजूला.

डी-१०४: झालं की लोडवर तासभर चालवा. एक थर्मामीटर बाहेर सावलीत, एक खोलीत, रेडिएटरच्या आतल्या बाजूला. फरक फार निघाला तर हवा अजून आतच फिरतेय.

सेक्रेटरी: रविवारी ११ ला घेऊ.

बी-३०२: रविवारी मॅच आहे हो 🙏 शनिवारी घ्या ना.