कोलन हायड्रोथेरपी: आतड्याला खरंच किलोकिलोने मळ चिकटलेला असतो का?

स्कोपवाली
काल सोसायटीच्या ग्रुपवर एका वेलनेस सेंटरची पोस्ट फिरत होती, खाली नुसता बदामांचा पाऊस. म्हणे प्रत्येकाच्या आतड्याला ५ ते ७ किलो जुना मळ चिकटलेला असतो, त्यातली विषं रक्तात जातात, म्हणून थकवा, पुरळ, सांधेदुखी. कोलन हायड्रोथेरपीचं, म्हणजे मोठं आतडं पाण्याने धुवायचं, पॅकेज घेतलं की सगळं साफ, तेही 'नैसर्गिक' पद्धतीने. वाचून डोकंच फिरलं. मी एंडोस्कोपी विभागात काम करते, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने आतडं आतून बघतात तिथे. पेशंट पावडरचं पाणी पिऊन येतात, संडासच्या फेऱ्या मारून मारून बेजार होतात, शेवटी पिवळट स्वच्छ पाणी पडायला लागलं की आम्ही आत घेतो. मग स्क्रीनवर दिसतं गुलाबी, ओलं, चकचकीत अस्तर आणि त्यावर रक्तवाहिन्यांची बारीक जाळी. पोट नीट साफ झालं नसेल तर कालपरवाचा मळ दिसतो, तोही फवाऱ्याने सुटतो. वर्षानुवर्षांचा थर मला एकदाही दिसलेला नाही. त्या अस्तराच्या पेशीच चार-पाच दिवसांत गळून नव्या येतात, मग थर बसणार कशावर? आणि गुदद्वारात नळी घालून एका बैठकीत ६० लिटरपर्यंत पाणी आतबाहेर करायचं, ह्यात नैसर्गिक काय ते सांगा कोणीतरी.

निसर्गसखा
ताई, तुम्ही स्क्रीनवर बघता, मी स्वतः करून घेतलंय. नंतर इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही, चेहऱ्यावर तेज आलं, घरच्यांनी विचारलं काय केलंस. गांधीजी एनिमा घ्यायचे, लोकांनाही द्यायचे. उरुळी कांचनला १९४६ साली निसर्गोपचार सुरू केला तो काय उगाच? आपलं ते सगळं भंपक आणि हॉस्पिटलचं बिल तेवढं शास्त्रीय, हे आता बस झालं. आणि त्यानंतर एका कंपनीचा क्लेन्झ कोर्स, म्हणजे पोट साफ करायची पावडर, घेतली तेव्हा काळपट, रबरी, दोरीसारखे लांब तुकडे पडले, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. ते काय होतं मग?

स्कोपवाली
त्या कोर्सच्या पाकिटावर इसबगोल आणि बेंटोनाइट माती लिहिलंय का बघा. दोन्ही पाण्यात फुगतात आणि आतड्यातून दोरीसारखी बाहेर पडतात. म्हणजे आधी तुम्ही ते गिळता, मग ते पडतं, मग ते जुना मळ म्हणून तुम्हालाच दाखवतात.
हलकं वाटतं हे खोटं नाही. पण मळातून रक्तात विष जाण्याची थिअरी शंभर वर्षांपूर्वीची आहे. लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन त्यापायी लोकांचं मोठं आतडंच कापून काढायचे, अमेरिकेत कॉर्नफ्लेक्सवाले केलॉग एनिमे द्यायचे. १९१९ मध्ये वॉल्टर अल्व्हारेझ यांनी मांडलं की डोकं जड होणं, मरगळ येणं हे आतडं ताणलं गेल्यामुळे होतं, म्हणून तर संडास होताक्षणी बरं वाटतं. विष असतं तर ते उतरायला वेळ लागला असता.

वैद्य_घाटमाथा
दोघांनाही एक विनंती, आयुर्वेदातल्या बस्तीला, म्हणजे औषधी एनिम्याला, ह्यात ओढू नका. अजून कोणी ओढलेलं नाही पण ओढणार, कारण माझ्याकडे येणारे अर्धे पेशंट 'ते मशीनवालं पंचकर्म' विचारत येतात. निरूह बस्ती म्हणजे काढा, मध, सैंधव, तेल, कल्क (वाटलेली औषधं), सगळं मिळून लिटरच्या आसपास, तेही प्रकृती, वय, अग्नी बघून. अनुवासन तर थोडंसं तेल. वाताची चिकित्सा आहे ती, पाईप धुवायचं काम नाही! हायड्रोथेरपीवाले बोर्डावर 'आयुर्वेदिक कोलन थेरपी' लिहितात आणि अपघात झाला की शिव्या आम्हाला.

शाळाबाई
मला वेगळंच बोलायचंय. मुळात बायकांची पोटं बिघडतात का, हे कोणी विचारतच नाही. आमच्या शाळेत शिक्षिकांच्या संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही, त्यामुळे सकाळी घोटभर चहावर निघायचं आणि घरी येईपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. कळ आली की दाबायची. हे रोज केल्यावर कळ यायचीच बंद होते. शिक्षणहक्क कायद्यात २००९ पासून मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं लिहिलेली आहेत, पण दाराला कडी कोण लावणार?

बोरिवली_फास्ट
मॅडम, घरून उरकून निघायचं ना. सगळंच सरकारवर ढकलायचं. खरा घोळ कमोडचा आहे, उकिडवं बसणं सुटलं तिथून सगळं बिघडलं.

शाळाबाई
'उरकून निघायचं' म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे उठून डबे भरून, सासूबाईंचं औषधपाणी करून, पहिली एसटी पकडून बघावी. पोट तुमच्या टाइमटेबलवर चालत नाही! आमच्या एक सहकारी मूळव्याधीने रडायच्या, वर्गात उभ्याने शिकवायच्या कारण बसवत नव्हतं, आणि शेवटी कुठल्याशा सेंटरला पगारातले पैसे भरून आल्या. कडीला त्याच्या शंभराव्या हिश्शानेही खर्च आला नसता.

कोकणकडा
एसटी स्टँडवरची तर बातच नको. माझी आई प्रवासाच्या आदल्या दिवसापासून जेवण कमी करते.

बोरिवली_फास्ट
बरं, बायकांचं वेगळं आहे, मानलं. पण कमोडचा मुद्दा मी सोडणार नाही.

स्कोपवाली
कमोडसमोर पाट ठेवून त्यावर पाय घ्या, गुडघे वर येतात, फरक पडतो. तुमचा एवढा मुद्दा बरोबर आहे.
निसर्गसखा, एक मात्र वाचाच. कोलोरॅडोत १९७८ ते १९८० मध्ये एका कायरोप्रॅक्टिक (हाताने मणके बसवणाऱ्यांच्या) क्लिनिकमध्ये कोलन इरिगेशन, म्हणजे असंच आतडं धुणं, करून घेतलेल्यांना अमीबाची लागण झाली. किमान ३६ जण आजारी, १० जणांचं आतडं काढावं लागलं, त्यातले ६ गेले. मशीन नीट निर्जंतुक होत नव्हतं. तुमच्या सेंटरमध्ये नळी नवीन होती का, मशीन कशाने धुतलं, हे विचारलंत? किडनीच्या, हार्टच्या पेशंटला आधी विचारतात का?

निसर्गसखा
नळी पाकिटातून काढली होती. मशीनचं विचारलं नाही. किडनीवाल्यांनी करू नये, हे मान्य. पण अमेरिकेतल्या एका जुन्या घाणेरड्या क्लिनिकवरून सगळ्यांना झोडपू नका, ऑपरेशन थिएटरमध्येही इन्फेक्शन होतं.

स्कोपवाली
होतं. पण तिथे पोट उघडायला कारण असतं. इथे निरोगी माणसाला आधी घाण आहेस म्हणून घाबरवतात आणि मग नळी घालतात, राग त्याचा आहे. संडासातून रक्त जातंय, वजन उतरतंय अशीही माणसं पहिले महिने ह्या पॅकेजमध्ये घालवून आमच्याकडे येतात. त्यांचं काय करायचं?

वैद्य_घाटमाथा
रक्त असेल तर मीही आधी तिकडेच पाठवतो. इथे आपलं भांडण नाही.

शाळाबाई
मग साध्या बद्धकोष्ठतेला करायचं काय? आमच्याकडे सगळ्याजणी रात्री इसबगोल घेतात.

स्कोपवाली
चालेल, पण दिवसभर पाणी भरपूर प्या, नाहीतर ते आतच घट्ट होतं.

शाळाबाई
दिवसभर पाणी! तेच तर सांगतेय मघापासून. सोमवारी सगळ्याजणींच्या सह्यांचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवतेय, कडी आणि नळ दोन्हीसाठी.