कराटे क्लासची फी ३०० की ६००? ‘दुकानदारी’वाल्या पोस्टला माझं उत्तर

चोपड्याची ताई
परवा इथे ‘आखाडा धुळे’ यांनी टाकलं होतं की कराटेवाल्यांनी गल्लोगल्ली दुकानं थाटलीत, चार लाथा शिकवायचे महिन्याला पाचशे-सहाशे घेतात, आमच्या वस्तादांनी आयुष्यात एक रुपया घेतला नाही, खान्देशात २०० च्या वर फी म्हणजे लूट. खाली सगळ्यांनी ‘एकदम बरोबर भो’ लिहिलंय. मी जूनपासून चोपड्यात क्लास सुरू करतेय आणि फी ६०० ठरवलीये, त्यामुळे गप्प बसवेना.

हॉल फक्त संध्याकाळपुरता घेतला तरी भाडं ८,०००. लाईट, पाणी, झाडलोट १,५००. मुली जास्त आहेत म्हणून सोबत एक मुलगी ठेवतेय, तिला ४,०००. मॅट आणि किकिंग पॅड फाटतात, त्याचे महिन्याला १,५०० तरी बाजूला काढावेच लागतात. झाले १५,०००. आता ४० पोरं आली असं धरा, पण ज्यांनी क्लास चालवलाय त्यांना माहितीये की ४० नावं असली तर फी तिसांचीच येते, कुणी आजारी, कुणी मामाच्या गावाला, कुणाचं ‘पुढच्या महिन्यात देतो ताई’. ३०० ने ९,००० येतात. ६०० ने १८,०००, म्हणजे माझ्या हातात ३,०००. याला लूट म्हणता?

आखाडा धुळे
ताई हिशोब बरोबर असेल तुमचा, पण मूळ मुद्दा तो नाहीच. विद्या विकायची नसते. आमच्या आखाड्यात लाल माती चाळून त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून आठ-आठ दिवस पोरं ती तुडवायची, वस्ताद स्वतः फावडं घेऊन उभे राहायचे. पहाटे चारला दार उघडं. फीचा बोर्ड कधी लागला नाही. आणि त्या मातीतूनच महाराष्ट्राला मल्ल मिळाले, खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं ते काय महिन्याला सहाशे भरून आणलं का? तुमच्या कराटेत आहे का असं कोणी?

चोपड्याची ताई
बरं झालं खाशाबांचं नाव काढलंत. त्यांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० दिले. फुकट काहीच नव्हतं, कुणीतरी भरत होतं. कोल्हापुरात तालमींमागे शाहू महाराज उभे होते. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या दंगलीचे इनाम गावाच्या वर्गणीतून निघतात. तुमच्या मातीत पडलेलं तेल, ताक, हळद कोणाच्या घरून यायचं तेवढं सांगा. आणि वस्तादांच्या घरची चूल कोण सांभाळायचं तेही सांगा, कारण ती बाई कुणालाच आठवत नाही.

यावलकर शेतकरी
ताई ६०० जास्त नाहीत पण कधी मागता त्याला महत्त्व आहे. जूनमध्ये आमच्या घरात बियाणं, खत, पोरांच्या वह्या-दप्तरं, शाळेची फी सगळं एकदम येतं आणि हातात काहीच नसतं. त्यात तुम्ही प्रवेश फी आणि ड्रेस धरून दोन हजार मागितले की पोर घरीच बसते. कापसाचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो. शहरातल्या पगारवाल्यांचा विचार करून महिन्याची १ तारीख ठरवतात सगळे. मना दोन्ही पोरीसले शिकाडनं शे पण पैसा काय झाडले लागतस का भाऊ.

चोपड्याची ताई
दादा तुमचं पटलं, हे माझ्या डोक्यात नव्हतं. शेतकरी घरांना जून ते ऑक्टोबरची फी कापूस विकल्यावर एकदम द्यायची सोय करते. बहिणी-बहिणी असल्या तर दुसरीला ३००. ड्रेस पहिले तीन महिने नकोच, ट्रॅक पॅन्ट-टीशर्टवर चालेल.

भुसावळ यार्ड
मी गेली बरीच वर्षं भुसावळला क्लास घेतोय, फी २५०, आणि पोरांची कमी नाही. ताई तुम्ही चुकीच्या गावात शहराचा रेट लावताय. आपल्याकडे हमालाचं पोर, रेल्वेतल्या पॉइंट्समनचं पोर, भाजीवालीची पोर एका लाईनीत उभी राहते ती २५० मुळे. ६०० केली की डॉक्टर-वकिलांचीच राहतील. मग आत्मसंरक्षण शिकवतो म्हणू नका, सरळ श्रीमंतांचा हॉबी क्लास म्हणा.

पिंप्राळ्याची आई
सर तुमचे २५० खरे किती ते आधी सांगा. माझा मुलगा जळगावात अशाच ‘फक्त ३००’ वाल्या क्लासला होता (तुमच्या नाही). वर्षाचे ३,६०० झाले. मग दर चार महिन्यांनी बेल्ट परीक्षा, प्रत्येकीला ८०० म्हणजे २,४००. दोन टूर्नामेंट, एन्ट्री आणि गाडीभाडं धरून २,०००. ड्रेस ९००. एकूण ८,९००, महिन्याला साडेसातशेच्या आसपास! बोर्डवर ३०० लिहून साडेसातशे घेतले, आणि परीक्षेला बसवलं नाही तर पोरगं रडतं की सगळ्यांना ऑरेंज बेल्ट मिळाला मलाच नाही. तेव्हा आई-बाप उसने आणून भरतात. एकदा तर येलो बेल्टची पट्टी घरी आणल्यावर पहिल्याच धुण्यात तिचा रंग ड्रेसला लागला, ८०० रुपयांत तेवढी एक पट्टी आणि छापील सर्टिफिकेट.

शिरपूरचा जुना विद्यार्थी
+१. बेल्टचा धंदा हाच मूळ रोग आहे. लोकांना वाटतं रंगीत पट्टे हजार वर्षांची परंपरा आहे. दान पद्धत, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, जिगोरो कानो यांनी ज्युडोत १८८० च्या दशकात आणली, कराटेचे गुरू फुनाकोशी जपानच्या ओकिनावा बेटावरून टोकियोला १९२२ मध्ये आले आणि कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट त्यांनी १९२४ ला दिले. म्हणजे शंभर वर्षांची गोष्ट. त्याच्या आधी माणसं कराटे शिकत नव्हती का? चार महिन्याला पट्टा हे कुठल्याच शास्त्रात लिहिलेलं नाही.

भुसावळ यार्ड
इतिहास सांगू नका मला. परीक्षेचे पैसे माझ्या खिशात जात नाहीत, वर असोसिएशनला जातात, सर्टिफिकेट तिथून येतं, परीक्षकाचं येणं-जाणं असतं. आणि पालकांनाच पट्टा पाहिजे असतो. मी एका पोराला दोनदा नापास केलं, बाप दुसऱ्या क्लासला घेऊन गेला, तिथे महिनाभरात ग्रीन मिळाला. सर्टिफिकेटवर पुढे नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, त्यासाठी सगळे पळतात. दोष फक्त सरांना का?

पिंप्राळ्याची आई
बेल्टच्या सर्टिफिकेटवर ना आरक्षण मिळतं ना गुण! त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी लागते आणि ते प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून तपासून घ्यावं लागतं. हीच थाप आम्हाला मारली होती. तुम्ही स्वतः शिकवता आणि तुम्हीही तेच सांगताय, राग येतो हो याचा.

भुसावळ यार्ड
मी स्पर्धेच्या सर्टिफिकेटबद्दलच बोलत होतो. नीट वाचा आधी. थाप हा शब्द मागे घ्या.

पिंप्राळ्याची आई
बेल्टच्या फीला उत्तर देताना आरक्षण मध्ये आणलं तुम्ही. शब्द मागे घेणार नाही.

नंदुरबारचा मास्तर
जरा थांबा दोघं. शाळेच्या बाजूने सांगतो. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण येतं, तीन महिन्यांचं. चांगली गोष्ट आहे, माझ्या वर्गातली एक पोर जी उत्तर देतानाही मान वर करत नव्हती ती तीन महिन्यांनी मैदानात असा आवाज काढायची की बाजूच्या वर्गातले बाहेर बघायचे. पण तीन महिने संपले की संपलं. चौथ्या महिन्यात तिला कुठे पाठवू? गावात क्लास नाही, तालुक्याला आहे, एसटीचं भाडं आहेच. म्हणून फीवर एवढा वाद घालताना तेवढं लक्षात घ्या की क्लास पाच वर्षं टिकणं जास्त गरजेचं आहे. २५० ला सुरू करून दीड वर्षात कुलूप लागलेले क्लास मी पाहिलेत.

चोपड्याची ताई
मास्तर, अगदी मनातलं बोललात. भुसावळच्या सरांना आता स्पष्टच विचारते, तुम्हाला रेल्वेचा पगार आहे ना? तुमच्या फोटोवरून तरी तसंच दिसतं. पगार आहे म्हणून २५० परवडतात आणि हॉलही बहुतेक स्वस्तात मिळाला असेल. मला दुसरी नोकरी नाही. तुमच्यासारखे सेवाभावाने २५० घेतात आणि मग गाव म्हणतं की रेट २५० च आहे, ही बाई लुटते. ज्याला यावर पोट भरायचंय त्याने काय करायचं? मुलगी शिकवते म्हणून तिने फुकटच शिकवावं असं तर नाही ना?

भुसावळ यार्ड
हो आहे पगार, चोरी नाही केली. सुट्टीचा दिवस, संध्याकाळ, सगळं पोरांना दिलंय मी, घरच्यांच्या शिव्या खाल्ल्यात. त्याला तुम्ही मार्केट खराब करणं म्हणत असाल तर हात जोडले. आणि मुलगी-बाई मध्ये आणू नका, माझ्याकडे अर्ध्या मुलीच आहेत.

आखाडा धुळे
म्हणून म्हणतो कुस्ती बरी. पट्टा नाही, सर्टिफिकेट नाही, पाठ लागली की निकाल.

शिरपूरचा जुना विद्यार्थी
आता कुस्तीही मॅटवर आहे काका, आणि मॅट सोन्याच्या भावात मिळते. तुमच्या आखाड्यात मॅट आली का? कोणी दिली?

आखाडा धुळे
आली. आमदार निधीतून. पोरांना जिल्ह्याला खेळायचं तर मॅटशिवाय भागत नाही. ठीक आहे, मान्य, माती असो की मॅट, पैसे कुणीतरी भरतंच. पण २०० वर काढायला जीव होत नाही आमच्या लोकांचा, ते तुम्ही बदलू शकणार नाही.

यावलकर शेतकरी
काका, मोबाईलच्या रिचार्जला महिन्याला तीनशे लागतात ते काढतोच ना आपण. फक्त वर्षाचं एकूण किती ते एकदाच सांगा, मध्ये मध्ये खिशात हात घालायला लावू नका.

चोपड्याची ताई
तेच करणार आहे. ६०० मध्ये वर्षाच्या दोन परीक्षा धरलेल्या, पट्टा आणि सर्टिफिकेटसकट. मे महिन्याची फी अर्धी धरून वर्षाचे ६,९००, वर एकदा ड्रेस. टूर्नामेंटला जायची सक्ती नाही. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन बघता संध्याकाळी पत्र्याच्या हॉलमध्ये कोणी उभं राहू शकत नाही, तेव्हा सकाळी सहाची बॅच आणि फी अर्धी. पाच जागा पूर्ण माफ, नावं मी आणि शाळेच्या बाई सोडून कुणाला कळणार नाहीत.

पिंप्राळ्याची आई
हे आधीच लिहायला हवं होतं वर. याला माझा पूर्ण पाठिंबा.

भुसावळ यार्ड
दोन परीक्षा ठीक. माझ्याकडेही तीनच्या दोन करता येतील, बघतो, खालच्या बेल्टच्या परीक्षा क्लासमध्येच शंभरात होऊ शकतात हे मान्य करावं लागेल. पण ब्लॅक बेल्टचं काय? तिथे बाहेरचे परीक्षक येतात, तो खर्च ६०० मध्ये कसा बसवणार सांगा.

चोपड्याची ताई
नाही बसवणार. तो वेगळा, आणि किती येईल ते प्रवेशाच्या दिवशीच फॉर्मवर लिहून देणार, खर्चाची पावती पालकांच्या हातात. तोवर पोर चार-पाच वर्षं टिकलेलं असेल, त्यातले निम्मे मी भरेन.

भुसावळ यार्ड
निम्मे भरणार तर ३,००० मध्ये तुम्ही राहणार कशा? फॉर्म छापायच्या आधी एकदा मला फोन करा, माझ्याकडे जुन्या मॅट पडून आहेत, वीसेक चांगल्या निघतील.